पट्टी वेळेवर, मत केव्हां?

मावळांतील शेतकरी, कारागीर आणि मजूर बंधुभगिनींनो,

ज्याच्याकडून पैसा घ्यावयाचा त्याला माल द्यावयाचा, हा बाजाराचा साधा धर्म आहे. आठवड्याच्या बाजारांत मेथीची जुडी विकणारी म्हातारीसुद्धां पैसे हातांत पडतांच जुडी पुढें करते. "पैसे ठेवून जा, भाजीचें दहा वर्षांनीं पाहूं," असें ती म्हणत नाहीं. तसें ती म्हणेल तर लोक तिची टोपली रस्त्यावर उपडी करतील. पण सरकारच्या दारांत हा धर्म उलटा चालतो. घरपट्टी वेळेवर पाहिजे, पाणीपट्टी वेळेवर पाहिजे, थकली तर दंड पाहिजे. मात्र ज्याच्या जोरावर ही पट्टी मागावयाची तें तुमचें मत घेण्यास सवड नाहीं! हीच गोष्ट आज आम्हांस उघड बोलावयाची आहे.

बेगडेवाडीच्या स्टेशनावर उतरून चारी दिशांस पाहा. हें स्टेशन देहूरोड आणि घोरावाडी यांच्या मध्यें आहे. पुण्याच्या बाजूस देहूरोडचें कँटोन्मेंट. शेलारवाडी, किन्हई, चिंचोली हीं गांवें त्याच्याच कारभारांत. त्याच्या पलीकडे पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका. मुंबईच्या बाजूस तळेगांव दाभाडे नगरपरिषद. इंद्रायणीकांठीं देहूची नगरपंचायत. दक्षिणेस सोमाटणें, गहुंजे यांच्या ग्रामपंचायती. आणि शिवाय वडगांवची तहसील कचेरी. म्हणजे दोन कोसांच्या टापूंत पांच तऱ्हांचे कारभार! बैल एका हद्दींत पाणी पितो, दुसऱ्या हद्दींत चरतो, त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. पण माणसाला दिवा, नळ, गटार किंवा जन्माचा दाखला पाहिजे असेल तर पहिला प्रश्न येतो, "तुमची हद्द कोणती?"

मग काय होतें तें सांगतों. एखादा म्हातारा सकाळीं भाकरी बांधून निघतो. पहिल्या कचेरींत त्याला सांगतात, हें काम आमचें नव्हे. दुसऱ्या कचेरींत साहेब मीटिंगला गेलेले असतात. तिसऱ्या दारांत पोंचेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. अशा वेळीं दाराशीं एक गोडबोल्या भेटतो. "बाबा, कशाला उन्हांत फिरतां? मी करून देतों." आणि ज्या कागदाला सरकारी फी नांवापुरती, त्याला म्हाताऱ्याची आठवड्याची मजुरी जाते. या गोडबोल्याचें सगळें भांडवल एकच, तें म्हणजे आपलें अज्ञान. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं जात्याकडे पाहून केली असेल. आम्हांस ती कचेरीच्या पायरीवर रोज दिसते.

पण दलालाला शिव्या देऊन भागत नाहीं. ज्या ठिकाणीं आपला निवडलेला माणूस आंत बसलेला नसतो, त्या ठिकाणीं बाहेर दलाल बसतो. म्हणून मुळाकडे जाऊं.

देशांतील कँटोन्मेंटचा कारभार सन २००६ च्या कायद्यानें चालतो. त्या कायद्याप्रमाणें बोर्डांत निम्मे सभासद लोकांनीं निवडलेले आणि निम्मे सरकारी असावे लागतात. अध्यक्ष लष्कराचा अधिकारी, पण उपाध्यक्ष लोकांच्या सभासदांपैकीं. म्हणजे तराजू सरळ नसला तरी दुसरें पारडें निदान होतें. ता. ११ जानेवारी २०१५ रोजीं मतदान झालें. पांच वर्षांची मुदत २०२० च्या फेब्रुवारींत भरली. मग दोनदां सहा सहा महिने वाढवून ती २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत ताणली. त्यानंतर कायद्याचें तेरावें कलम काढलें. त्या कलमाप्रमाणें बोर्डाचा आकार बदलतो आणि तिघेच उरतात: एक स्टेशनचा लष्करी अधिकारी, दुसरा मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तिसरा सरकारनें नेमलेला एक नागरिक. हें कलम एका वर्षासाठीं आहे; पण वर्ष संपलें कीं पुन्हां वर्ष वाढवितां येतें. पाहुणा म्हणून आलेला जावई ओसरीवरच खाट टाकून बसावा, तसें हें कलम बसलें.

२०२३ च्या फेब्रुवारींत सरकारनें ५७ कँटोन्मेंटांची निवडणूक जाहीर केली. तारीख ठरली ३० एप्रिल. लोक तयारीस लागले. आणि पुढच्याच महिन्यांत, मार्चमध्यें, तो हुकूम मागें घेतला! मांडव घातला, वाजंत्री सांगितली, आणि नवरदेवच परत फिरला. जें मूल २०१५ सालीं पहिलीच्या वर्गांत होतें, त्याला २०२५ उजाडेपर्यंत मिसरूड फुटलें. पण त्याच्या बापाला आपल्या गल्लीच्या कारभाऱ्यास मत देण्याचा दिवस पुन्हां दिसला नाहीं. या दहा वर्षांत पट्टीचें बिल मात्र कोणी मागें घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

यावर शहाणे लोक तीन उत्तरें देतात. तीं एकेक तपासून पाहूं.

पहिलें उत्तर असें कीं, निवडून येणारे लोक पैसे खातात, त्यापेक्षां साहेबाचा कारभार स्वच्छ. आम्ही विचारतों, गडी चोर निघाला तर मालक गडी बदलतो कीं आपलें शेत दुसऱ्याच्या नांवें करून देतो? निवडलेला माणूस वाईट निघाला तर पांच वर्षांनीं त्याला घरीं बसवितां येतें. नेमलेल्या साहेबाला तुम्ही कसे बसविणार? तो चांगला असला तर आपलें नशीब. वाईट निघाला तर त्याची बदली होईपर्यंत वाट पाहा. नशिबावर पेरणी करणाऱ्या मावळ्याला गटारसुद्धां नशिबावर सोडावयास सांगतां काय?

दुसरें उत्तर लष्कराच्या संरक्षणाचें. दारूगोळ्याच्या कोठाराची किल्ली आमच्याकडे द्या, असें कोणी मागितलें आहे? उलट त्या कोठारासाठीं भोंवतालच्या दोन हजार यार्डांत बांधकामाची बंदी याच भागांतील लोक सोसतात, आणि आपल्याच जमिनीवर लेकाला खोली बांधून देतां येत नाहीं म्हणून गप्प बसतात. आम्ही नळ, दिवा, शाळा आणि दवाखाना यांच्याविषयीं बोलतों. नळाला पाणी किती वाजतां सोडावें हें लोकांनीं ठरविलें तर देशाचें कोणतें गुपित शत्रूच्या हातीं लागणार आहे?

तिसरें उत्तर सर्वांत गोड. "आतां कँटोन्मेंटचा नागरी भाग काढून शेजारच्या नगरपालिकांत घालावयाचा आहे, मग निवडणुकीचा खर्च कशाला?" २०२३ सालीं हिमाचलांतील योलच्या छावणीपासून ही गोष्ट सुरू झाली, हें खरें. हा भाग काढणें चांगलें कीं वाईट, हा निराळा प्रश्न. पण घर मोडावयाचें असो वा विकावयाचें असो, घरच्या माणसांस विचारावें लागतें. गायरान कोणाकडे जाणार, पाण्याची पट्टी किती होणार, शाळेच्या मास्तरांचें काय होणार, हे प्रश्न विचारावयास आपला एकही निवडलेला सभासद आंत नसतांना दोन सरकारांनीं आपसांत वांटणी ठरवावी, ही कोठली रीत? वांटणीच्या वेळींच तर भाऊ हजर पाहिजे!

आतां याहून कडू गोष्ट ऐका. पचमढीच्या कँटोन्मेंटच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं असा निकाल दिला कीं, सरकारी जमिनीवर बेकायदेशीर घरांत राहणारांचें नांव बोर्डाच्या मतदार यादींत घालतां येणार नाहीं. न्यायालयानें कायद्याचा अर्थ लावला. तो आम्ही मानतों. पण त्याचा परिणाम काय झाला तो पाहा. बोर्डाची यादी घरनंबरावर चालते. ज्या झोपडीला नंबर नाहीं, तेथील माणूस त्या यादींत नाहीं. तोच माणूस विधानसभेच्या यादींत आहे, लोकसभेच्याही यादींत आहे. म्हणजे दिल्लीचा पंतप्रधान कोणाचा व्हावा यांत त्याचा वांटा. आणि त्याच्या बोळांत दिवा लागावा कीं नाहीं यांत मात्र त्याला तोंड नाहीं! रस्ते ज्यानें झाडले, गवंडीकाम ज्यानें केलें, भार ज्यानें वाहिला, त्याला नंबर देण्याचें काम कोणी केलें नाहीं. आणि नंबर नाहीं म्हणून त्याला मत नाहीं. ज्यानें दार लावलें तोच विचारतो, बाहेर कां उभा?

मताची किंमत आपल्या लोकांस कळावी म्हणून थोडी मागची आठवण देतों. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेंत सभासद होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून शृंगारास पैसा काढण्याचा ठराव आला, तेव्हां त्यांनीं एकट्यानें त्याविरुद्ध मत दिलें. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असें त्यांचें म्हणणें. एक मत होतें, ठराव पडला नाहीं. पण दीडशें वर्षें होत आलीं तरी तें एक मत लोक विसरले नाहींत. पुढें १९१९ च्या सुधारणांत मताचा हक्क आला, तो जमिनीचा सारा आणि मालमत्ता यांच्या मापानें. कूळ, बलुतेदार, मजूर आणि बहुतेक सर्व बायका बाहेर. १९२१ सालीं शेजारच्या मुळशी पेट्यांत टाटांच्या धरणाखालीं मावळ्यांचीं शेतें जाऊं लागलीं, तेव्हां त्यांस सत्याग्रह करावा लागला. कारण ज्या सभेंत निकाल होतो तेथें त्यांचें मत पोंचतच नव्हतें. १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं सायमन कमिशनपुढें प्रत्येक प्रौढ माणसास मत मागितलें. तें १९५० च्या राज्यघटनेनें दिलें. त्याच बाबासाहेबांनीं ता. २५ डिसेंबर १९५४ रोजीं आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. आणि त्याच देहूरोडांत बोर्डाचें मत वर्षानुवर्षें कुलुपांत!

हा रोग कँटोन्मेंटपुरताच आहे असें समजून ग्रामपंचायतवाल्यांनीं आणि नगरपालिकावाल्यांनीं हंसूं नये. घटनेंत १९९३ पासून स्पष्ट लिहिलें आहे कीं, पंचायत असो वा नगरपालिका, तिची पांच वर्षें भरण्यापूर्वीं निवडणूक झाली पाहिजे. तरीही पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका आणि पुणें जिल्हा परिषद या दोन्ही २०२२ च्या मार्चपासून प्रशासकाच्या हातीं गेल्या. मागासवर्गाच्या राखीव जागांचा वाद न्यायालयांत पडला होता, हें कारण खरें. पण वादाचा निकाल लागेपर्यंत चूल कोणी विझवीत नाहीं. शेवटीं ता. ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कान पिळला, तेव्हां नगरपरिषदांचें मतदान २ डिसेंबर २०२५ पासून आणि महानगरपालिकांचें १५ जानेवारी २०२६ रोजीं झालें. म्हणजे घटनेचा हुकूम पाळण्यासाठींही न्यायालयाचा दुसरा हुकूम लागला. आणि कँटोन्मेंटला तर घटनेचें तें कुंपणही पुरतें नाहीं. अनुदान आणि योजना घेण्यापुरती ती नगरपालिका समजली जाते. घेण्यापुरती पालिका, विचारण्यापुरती छावणी!

मत नसलें म्हणजे काय होतें हें मावळाला कोणी शिकवावयास नको. पवनेचें पाणी बंद नळांतून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ता. ९ ऑगस्ट २०११ रोजीं आपले लोक बऊरजवळ द्रुतगती रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारांत तिघे शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. नळ ज्या पालिकेचा, तिच्या सभेंत मावळच्या शेतकऱ्यास मत नव्हतें. ज्याच्या उशाशीं धरण त्याला तोंड नाहीं, आणि ज्याच्या मोरींत नळ त्याला सभागृह. सभेंत जागा नसली कीं माणूस रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावर त्याला गोळी भेटते. म्हणून म्हणतों, मत ही चैन नव्हे. तें गरिबाचें रक्ताशिवायचें हत्यार आहे.

आतां थोडें आपल्याच पाठीवर. सरकार मत घेत नाहीं म्हणून आपण ओरडतों. पण जेव्हां घेतें तेव्हां आपण काय करतों? मटणाच्या ताटाला मत, साडीला मत, भावकीच्या रागाला मत! पांच वर्षांचा कारभार एका रात्रीच्या रश्शांत बुडवून खाल्ल्यावर गटार तुंबलें म्हणून कोणाच्या नांवानें बोंबलावें? मतासाठीं पैसा देणारा आणि घेणारा दोघेही कायद्यानें गुन्हेगार आहेत. आणि घेतल्यानें तुम्ही मालकाचे गडी होतां, ही शिक्षा कायद्याहून मोठी. ग्रामसभेची दवंडी झाली कीं "आम्हांस काम आहे" म्हणून आपण बांधावर जातों, आणि दहा माणसांनीं सही केलेला ठराव गांवाचा होतो. मायबहिणींनो, तुम्हांस विशेष सांगणें आहे. महाराष्ट्रांत या सभांतील निम्म्या जागा २०११ पासून तुमच्यासाठीं राखीव आहेत. खुर्चीवर तुमचें नांव आणि कारभार नवऱ्याचा, हें आतां पुरे झालें.

तर मग काय करावें? लक्ष देऊन ऐका, आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्यास वाचून दाखवा.

पहिलें, आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं तें मतदानाच्या दिवशीं पाहूं नका, आज पाहा. प्रत्येक मतदान केंद्रास एक केंद्रस्तरीय अधिकारी नेमलेला असतो. बहुधा तो शाळेचा मास्तर किंवा अंगणवाडीची बाई असते. त्यास विचारा, किंवा १९५० या नंबरावर फोन करा. नवें नांव घालावयाचें तर नमुना ६. घर बदललें किंवा नांवांत चूक असली तर नमुना ८. यादींतील नांवाला हरकत घ्यावयाची तर नमुना ७. वर्षांत १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकीं ज्या तारखेस मुलास किंवा मुलीस १८ वर्षें पुरीं होतील, त्या तारखेवर नांव घालतां येतें. कागद दिला कीं पोंच घ्या. पोंच नाहीं तर कागद नाहीं.

दुसरें, विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची यादी वॉर्डवार फोडतात. एक नांव गळलें तर सगळीकडे गळलें. पण कँटोन्मेंटची यादी निराळी आहे. तेथें १८ वर्षांचें वय आणि हद्दींत सहा महिन्यांचा रहिवास लागतो. विधानसभेला मत दिलें म्हणून तेथेंही नांव असेलच, असें धरून चालूं नका. दोन्ही याद्या पाहा. सून आली, मुलगा वेगळा राहिला, म्हातारा गेला, यांतील प्रत्येक गोष्टीनंतर यादी पाहण्याची संवय लावा. मतदारसंघही लक्षांत ठेवा: आपलें लोकसभेचें मत मावळ मतदारसंघांत आहे, आणि तोच मतदारसंघ घाट उतरून कर्जत, पनवेल, उरणपर्यंत समुद्राला भिडतो. तेवढ्या मोठ्या संघांत आपल्या वाडीचा आवाज ऐकूं यावयाचा तर प्रत्येक घरचें मत पडलें पाहिजे.

तिसरें, मताच्या दिवशीं नुसती चिठ्ठी घेऊन जाऊं नका. २०१९ पासून लोकसभा-विधानसभेस ती चिठ्ठी ओळखीचा पुरावा धरीत नाहींत. मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचें कार्ड किंवा फोटोचें पासबुक यांपैकीं कांहीं जवळ असूं द्या. तुमच्या नांवावर आधींच कोणी मत टाकून गेला असेल तर डोळे पुशीत परत येऊं नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा, तो तुमचा हक्क आहे. कारखान्यांत जाणाऱ्या पोरांनो, लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीं भरपगारी सुट्टी देणें मालकास कायद्यानें भाग आहे.

चौथें, कचेरींत तोंडी विनवणी बंद करा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें ठराविक दाखले ठराविक दिवसांत देणें अधिकाऱ्यास भाग आहे. न दिले तर पहिलें अपील, दुसरें अपील, आणि चुकलेल्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक कचेरींत लावलेला असला पाहिजे. फलक नसेल तर तो कोठें आहे हेंच प्रथम लेखी विचारा. दलालाची भाकर त्या एका प्रश्नानें करपते.

पांचवें, आणि मुख्य. कँटोन्मेंटच्या हद्दींतील प्रत्येक वस्तीनें एक अर्ज करावा. त्यांत आरडाओरडा नको, दोनच वाक्यें पाहिजेत: "आम्ही पट्टी भरतों. आमचें मत घ्या." त्याखालीं सह्या आणि आंगठे. हा अर्ज बोर्डाला द्या, खासदाराला द्या, आणि मत मागावयास दारीं येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या हातांत द्या. उत्तर काय आलें तें वस्तीच्या देवळांत आणि विहारांत वाचून दाखवा.

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करतों. बेगडेवाडीच्या जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. महाशिवरात्रीस आपण तेथें जातों, देवाला हात जोडतों आणि खालीं उतरतों. त्याच डोंगरांतील जुन्या बौद्ध लेण्यांत ब्राह्मी अक्षरांचा एक लेख कोरलेला आहे. धेनुकाकटास राहणाऱ्या एका नांगऱ्या कुणब्याच्या बायकोनें तें लेणें दान दिलें, असें त्यांत लिहिलें आहे. राजाची राणी नव्हे, सावकाराची शेठाणी नव्हे. नांगर धरणाऱ्याची बायको! शेंकडों वर्षें पाऊस खाऊन तिचें नांव त्या दगडावर टिकलें. आणि तिच्याच मुलखांत, तिच्याच धंद्याच्या लेकी आणि सुना आपलें नांव कागदाच्या यादींत आहे कीं नाहीं हें दुसऱ्याला विचारतात.

बंधुभगिनींनो, दगडावर नांव कोरण्याइतकें कठीण काम आज कोणी तुम्हांस सांगत नाहीं. एक नमुना भरा, एक पोंच घ्या, एका अर्जावर आंगठा उठवा. आणि पुढच्या वेळीं पट्टीचें बिल घेऊन माणूस दारीं आला कीं पैसे मोजतां मोजतां त्याला शांतपणें विचारा: "दादा, पट्टी वेळेवर नेतां, मत केव्हां नेणार?"